बेडकाचा डबा आणि दोनशे वीस मेंढरं

मी व्हिडिओ गेमचा कन्सोल आहे. टीव्हीला तार जोडून, हातात बटणांची मूठ धरून लोक ज्याच्यावर खेळतात, तो डबा. पण दुकानात मिळतो तो नव्हे. गेम बनवणाऱ्यांना कंपनी कामापुरते डबे उसने देते, त्यातला मी एक. माझ्या पोटाखाली लाल अक्षरांत छापलंय, 'विक्रीसाठी नाही'. विकत घ्यावं असं माझ्यात काही आहे, असं मला स्वतःलाही वाटत नाही.

कंपनीचं नाव सांगणार नाही. त्यांच्याकडे गेम बनवणाऱ्यांपेक्षा वकील जास्त आहेत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला, आणि मला घडवलं ते एका निळ्या बेडकासाठी. हा बेडूक कंपनीचा लाडका. गेली तीस वर्षं तो उड्या मारतो, जीभ लांब करून माश्या पकडतो, आणि जगभरची शहाणीसुरती माणसं त्याच्यासाठी रांगा लावतात. माझा आराखडा करायला साहेब लोक बसले तेव्हा पहिला प्रश्न होता, यंदा बेडकाची जीभ कशी फिरवायची? म्हणून माझ्या मुठीवर एक गोल चकती बसवली. ती बोटानं फिरवली की जीभ बाहेर येते. चकतीला खर्च आला, म्हणून माझी मेमरी कापली. बेडकाला तेवढी पुरत होती. बाकीच्यांचं काय, हे विचारणारा त्या खोलीत कुणी नव्हता.

आणि मग त्याच कंपनीनं जगभर पत्रकं वाटली, की बाहेरच्या गेम बनवणाऱ्यांनो या, हा डबा तुमचाच आहे.

पत्रक वाचून जे आले, त्यांच्यात साताऱ्याचा ऋषिराज होता.

गोडोलीत वडिलांच्या घराच्या वरच्या खोलीत त्याचं ऑफिस. चार टेबलं, एक कूलर. दुसऱ्यांसाठी छोटे मोबाईल गेम करून तो पोट भरायचा. मी आलो त्या दिवशी त्यानं मला पाटावर ठेवलं, कुंकू लावलं आणि समोर कंदी पेढा ठेवला. हवा आत घ्यायच्या माझ्या जाळीत कुंकू गेलं, ते अजून आहे. बेडकासाठी बनलेल्या डब्याची पूजा करणारा माणूस पाहून मला त्याची कीव आली नाही, हसूच आलं.

त्याचे वडील लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. माझ्यासोबत सेहेचाळीस पानांचा करार आला होता. ते चष्मा लावून दोन दिवस तो वाचत बसले.

"ऋष्या, ह्यात आपण काय करायचं न्हाई ते समदं लिवलंय. त्यांनी काय करायचं ते कुटं हाय?"

"आण्णा, मोठ्या कंपन्यांचं असंच असतंय."

"पलटणीत बी असंच असायचं," लालासाहेब म्हणाले. "पर तिथं दोन टायम जेवण मिळायचं."

करारात माझा फोटो काढायला बंदी होती, मला खोलीबाहेर न्यायला बंदी होती, माझ्याबद्दल बोलायलाही बंदी होती. ऋषिराजनं सही केली. घरातल्या सगळ्यांत शहाणा माणूस इंग्रजी अडखळत वाचणारा म्हातारा होता, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

ऋषिराजकडे खरा गेम बनवणारी एकच होती, प्रांजल. आटपाडीची. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. सांगलीत इंजिनिअरिंग करून इथं आलेली. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं तिला बोलावलं होतं, ते तिनं नाकारलं, कारण तिच्या डोक्यात एक गेम होता.

तिच्या आज्जाकडे, तात्याबाकडे, दोनशे वीस मेंढरं होती. दिवाळी झाली की तो कळप घेऊन पश्चिमेकडे निघायचा, पाणी आणि चारा असेल तिकडं, आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. चार वर्षांपूर्वी त्याचे गुडघे गेले, डोळ्यांवर पडदा आला, आणि त्यानं सगळा कळप विकला. त्यानंतर तो ओसरीत बसून विकलेली मेंढरं आठवायचा. प्रांजल सुट्टीत घरी गेली की तो एकेक सांगायचा आणि ती काढायची. कानफाटकी. लंगडी. दुसऱ्याच्या तोंडातलं खाणारी. कुत्र्याला न भिणारी. अशी दोनशे वीस चित्रं झाली. त्या कळपाला आटपाडीतून नेऊन परत आणायचं, हाच गेम. नाव साधं, 'मेंढरं'.

कॉम्प्युटरवर तो चालत होता. पण ऋषिराजला तो माझ्यावर हवा होता. घरातली माणसं टीव्हीसमोर एकत्र बसून खेळतात, असं माझ्या पत्रकात छापलं होतं, आणि त्यानं ते खरं मानलं. प्रांजलला वेगळ्या कारणासाठी हवा होता. आज्जाची बोटं कॉम्प्युटरच्या बटणांवर चालत नव्हती. टीव्हीवर कळप दिसला, हातात मूठ असली, तर म्हातारा स्वतः मेंढरं हाकेल. तसं तिनं त्याला सांगूनही टाकलं होतं, आणि त्यानं गावभर.

पहिल्या दिवशी तिनं दोनशे वीसच्या दोनशे वीस माझ्यात सोडली. माझा श्वास कोंडला. चित्र अडखळायला लागलं, कुत्र्याची उडी हवेतच थांबली आणि मी बंद पडलो.

तिनं माझी माहितीपुस्तिका उघडली. ती परक्या भाषेतून यंत्रानं इंग्रजीत केलेली होती. एका पानावर लिहिलं होतं, की मेमरी संपल्यास आनंदाने कमी करावे. प्रांजलनं ते तीनदा वाचलं आणि पुस्तिका बंद केली.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगताना मला स्वतःचीच शिसारी येते. बेडकाच्या गेममध्ये एका वेळी पाचशे माश्या उडतात, आणि मी जराही अडखळत नाही. कारण माझ्या आत एक आडवाट आहे. तिथून काम नेलं की माझी ताकद जवळपास तिप्पट होते. कंपनीच्या घरच्या माणसांना ती वाट मी जन्मण्याआधी दोन वर्षं ठाऊक होती. त्यांना विचारूनच ती काढली होती. बाहेरच्यांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नाही.

प्रांजलनं पत्र लिहिलं, "पाचशे माश्या कशा उडतात?" एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. "ही माहिती अंतर्गत गटांसाठी आहे. आपल्या उत्साहाबद्दल आभार."

ती वाट माझ्याच पोटात होती. समोर एक मुलगी आठवडेच्या आठवडे डोकं फोडत होती, आणि मी हिरवा दिवा लावून गप्प बसलो होतो. कंपनीला मी हवा तसाच झालो होतो.

तिनं मेंढरं कमी करायला सुरुवात केली. दोनशे वीसची एकशे ऐंशी, एकशे ऐंशीची एकशे वीस. तरी अडखळत होतो. शेवटी चौसष्टवर मी सुरळीत चाललो. कुठली काढायची हे ठरवताना ती प्रत्येकीचं चित्र उघडून बघायची, आणि मग दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायची. पुसून मात्र कधी टाकलं नाही.

तेवढ्यात तात्याबाला मोतीबिंदू काढायला साताऱ्यात आणलं. ऑपरेशन झाल्यावर आठवड्यानं, काळा चष्मा लावून, तो काठी टेकत वरच्या खोलीत आला. ऋषिराजनं खुर्ची दिली. म्हातारा जमिनीवरच बसला. प्रांजलनं टीव्ही लावला.

तो टीव्हीकडे सरकला. ओठ हलत होते. तो मोजत होता.

"बाकीची कुटं हायती?"

"आज्जा, ह्या डब्यात मावंनात."

"मंग डबा ल्हान हाय म्हन की," तात्याबा म्हणाला. "मेंढरं का कमी करतीस?"

ऋषिराज कूलरमध्ये पाणी ओतायला गेला, पाणी भरलेलं असताना. कंपनीतल्या शेकडो साहेबांना जे वाक्य सुचलं नाही, ते नव्या डोळ्यांच्या पहिल्याच आठवड्यात त्या म्हाताऱ्याला सुचलं.

पुढचं काम म्हणजे मंजुरी. गेम तयार झाला तरी कंपनीनं तपासून हो म्हटल्याशिवाय तो टीव्हीवर दिसणाऱ्या माझ्या ऑनलाइन दुकानात लागत नाही. पहिल्यांदा तो परत आला, कारण कुत्रा भुंकत असताना मुठीचा सेल संपला तर जी सूचना दिसते, तिच्या शेवटी पूर्णविराम नव्हता. दुसऱ्यांदा परत आला, कारण बटणाचं नाव मोठ्या अक्षरात हवं होतं, लहान होतं. हे दोन्ही दोष बेडकाच्या गेममध्ये आहेत. बेडकाची तपासणी बेडकाचीच माणसं करतात.

तिसऱ्यांदा कारण आलं, की चकतीचा वापर केलेला नाही.

"चकती फिरवून मेंढी जीभ बाहेर काढंल का?" लालासाहेबांनी विचारलं.

प्रांजल मुठीकडे बघत बसली. मग म्हणाली, "आज्जा चालता चालता टकळी फिरवायचा. लोकर कातायचा." आणि तिनं ते केलं. चकती हळू फिरवली की लोकरीचा धागा निघतो, कळप शांत चालतो; घाईनं फिरवली की धागा तुटतो आणि मेंढरं बिथरतात. मी कुणाचं कौतुक करत नाही. पण त्या चकतीचा शहाणा वापर आजवर एवढा एकच झाला. तो कंपनीच्या कुणी केला नाही, आणि कंपनीच्या कुणाला तो कळलाही नाही. त्यांनी चौकटीत खूण केली आणि मंजुरी दिली.

तारीख कंपनीनं ठरवली, एका शुक्रवारची. त्याच शुक्रवारी सकाळी, कुणालाही आधी न सांगता, त्यांनी बेडकाचा नवा गेम बाजारात आणला.

माझ्या दुकानाचं पहिलं पान निळं झालं. दुसरंही. 'मेंढरं' चौदाव्या पानावर होता, अलीकडे बुद्धिबळाचा एक फुकट गेम आणि पलीकडे कुणीतरी तासाभरात केलेली मासेमारी. चौदाव्या पानापर्यंत जाणारी माणसं फार थोडी असतात, आणि ती बहुतेक चुकून गेलेली असतात. पहिल्या महिन्यात जगभरातून तीनशे अकरा जणांनी तो घेतला. एकानं खाली लिहिलं, "चांगला आहे, पण कॉम्प्युटरवर मेंढ्या जास्त आहेत." दुसऱ्यानं लिहिलं, "सूट मिळाली तर घेईन." तिसऱ्याचा प्रश्न होता, यात बेडूक आहे का? हे माझे मालक. यांच्यासाठी माणसं वर्षभर खपतात.

कॉम्प्युटरवर मात्र गेम चालला. लोकांनी मेंढरांना नावं दिली, एकमेकांना चित्रं पाठवली. ऋषिराजचं ऑफिस त्यावर तरलं. तरीही त्याचा जीव माझ्यातच अडकला होता. पुढचा गेम माझ्यावर जास्त चांगला करू, आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं तो म्हणत होता. गेम फसला की बाहेरच्यांना पहिल्यांदा स्वतःचीच चूक दिसते. कंपनीला हे पक्कं माहीत असतं.

कंपनीच्या बाजूनं त्यांच्याशी बोलायला संयोगिता नावाची बाई होती. बंगळूरच्या ऑफिसात बसायची, मूळची सांगलीची. ती सुट्टीला घरी आली असं कळल्यावर ऋषिराजनं वेळ मागितली आणि मला पिशवीत घालून, करार मोडून, तो आणि प्रांजल सांगलीला गेले. हळदीच्या पेठेमागे तिच्या वडिलांचं घर. हवेत हळदीचा उग्र वास. तिच्या आईनं चहा आणि भडंग आणून ठेवलं.

ऋषिराज नव्या गेमचं सांगायला लागला. संयोगितानं त्याला मध्येच थांबवलं.

"सर, ऑफिसातून बोलत असते तर हे बोलले नसते. दुसरा गेम आमच्या डब्यावर आणू नका."

"का हो मॅडम? आम्ही कुठं कमी पडलो?"

"तुम्ही नाही पडलात. आमचा डबा घेणारा माणूस बेडकासाठी घेतो. वर्षात तीन गेम घेतले तर दोन बेडकाचे. तिसऱ्यापाशी त्याचा हात आखडतो. मोठमोठ्या कंपन्यांना हे कळलंय. त्यांचे गेम ह्याच्यात मावत नाहीत, परत नव्यानं बांधावे लागतात. एवढी मेहनत कशाला, म्हणून त्या आम्हाला दोन वर्षं जुने, कापलेले गेम देतात. ते खपत नाहीत. मग आमचे साहेब म्हणतात, बघा, बाहेरच्यांच्यात दम नाही. बाहेरचे म्हणतात, बघा, ह्या डब्यावर आपलं काही खपत नाही. दोघंही आकडे दाखवतात, आणि दोघांचेही आकडे खरे असतात."

"मग आम्हाला बोलावलं कशाला?"

"जाहिरातीत दाखवायला बाहेरची नावं लागतात. तुमचं नाव होतं त्यात. शेवटच्या ओळीत."

प्रांजलनं भडंगाची वाटी बाजूला सारली. "पाचशे माश्या कशा उडतात, तेवढं सांगा."

संयोगितानं कप खाली ठेवला. "त्याची तीस पानं आहेत. माझ्याकडे आहेत. दिली तर नोकरी जाईल."

"मग देता येत न्हाई एवढंच लिहायचं होतं. उत्साहाबद्दल आभार कशाला मानले?"

"ते वाक्य आपोआप जातं," संयोगिता म्हणाली.

मी पिशवीत होतो. ती तीस पानं माझ्या पोटात होती, तिच्या लॅपटॉपमध्ये होती, आणि ज्या एका मुलीला हवी होती ती दोघांच्या मध्ये बसून गार झालेला चहा पीत होती. संयोगिता वाईट नव्हती. वाईट असती तर मला तिचा तिरस्कार करणं सोपं गेलं असतं. ती त्यांना दारापर्यंत सोडायला आली आणि आईनं बांधलेली हळदीची पुडी प्रांजलच्या हातात दिली. प्रांजलनं ती घेतली, आणि थँक्यू म्हणाली नाही.

महिन्याभरात पत्र आलं. कंपनी नवा डबा काढतेय, जुने उसने डबे आतलं सगळं पुसून परत पाठवा. नव्या डब्यासाठी अर्ज करा, बाहेरच्या साथीदारांचं आम्हाला मोल आहे. ऋषिराजनं ते दोनदा वाचलं आणि अर्ज लालासाहेबांकडे दिला. लालासाहेबांनी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दूधवाल्याचे खाडे लिहिले.

परत पाठवायच्या आधी प्रांजलनं मला आटपाडीला नेलं. विट्याला एसटी बदलून, मांडीवर घेऊन. उसन्या डब्याला एक सूट असते. मंजुरी नसलेला गेमही त्याच्यावर चालतो. तिनं दुसऱ्या फोल्डरमधली सगळी मेंढरं परत आणली आणि दुपारी, पत्र्याखाली, तात्याबाच्या हातात मूठ दिली.

मी तापलो. एरवी तीस, पण आता सेकंदाला सातच चित्रं निघत होती. कळप धक्के खात चालला होता.

"लय अडकतंय आज्जा."

"मेंढरं कशी चालत्यात वाटली तुला?" तात्याबा म्हणाला. "हिरवं दिसलं की थांबायचंच." त्याचं बोट चकतीवर हळू फिरत होतं. टीव्हीवर धागा निघत होता आणि तुटत नव्हता.

त्याची बायको तानुबाई पीठ मळता मळता उठून आली. "आवं, ती कानफाटकी न्हवं?"

"तीच."

"आन् तिच्यामागं ती भांडखोर."

"व्हय. ती कवा सुदरायची न्हाई."

दोघांनी मिळून दोनशे वीस मोजली. एक चुकली म्हणून परत मोजली. उन्हं कलली तरी म्हातारा उठला नाही. पश्चिमेला जाऊन, वळून, पावसाआधी सगळी घरी आणली आणि मग मूठ खाली ठेवली. त्या दिवशी मी बंद पडलो नाही. त्याचं श्रेय मला देऊ नका. तानुबाईनं घरातला एकुलता एक टेबलफॅन माझ्याकडे वळवला होता, आणि ती तिघं घामानं निथळत होती.

"आता ह्यो परत कशाला न्हेत्यात?" तात्याबानं विचारलं.

"त्यांचा हाय, आज्जा."

"त्यास्नी मेंढरं हायती का?"

"न्हाईत."

"मंग काय करत्यात न्हिऊन?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता गुडघे दाबत बसला.

साताऱ्यात आल्यावर तिनं मला पुसलं. पुसताना तीनदा विचारायचं असा माझा नियम आहे. नक्की? नक्की? नक्की? तिनं तिन्ही वेळा हो दाबलं. तिनं सगळं दुसरीकडे ठेवलेलं होतं. माझ्याकडे काही उरलं नाही.

लवकरच नवा डबा निघेल. तो माझ्यापेक्षा चकचकीत असेल, आणि त्याच्या पत्रकातही तुम्हाला या म्हटलेलं असेल. गेम बनवणाऱ्या बाबांनो आणि बायांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमची मेंढरं मोजून घ्या, आणि त्याच्यात जेवढी मावतील तेवढीच आपली, असं कधी मानू नका.

आज प्रांजल मला पोवई नाक्याजवळच्या कुरिअरच्या दुकानात घेऊन आली. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म पुढे ओढला.

"मॅडम, आत काय हाय?"

"डबा."

"डब्यात काय?"

"काही नाही. रिकामा आहे."

त्यानं मला काट्यावर ठेवलं. "रिकाम्याचं वजन पावणेचार किलो?"

"व्हय," प्रांजल म्हणाली. "लिहा तसंच."

त्यानं तसंच लिहिलं, पावती फाडून तिच्या हातात दिली आणि मला मागच्या फळीवर सरकवलं. ती पायऱ्या उतरून गेली. गाडी संध्याकाळी येते म्हणतात.